आडूळ आलं की सुई संपते

मावशीचा आवाज असा होता की पाचोडच्या बाजाराच्या दिवशी, म्हशी, भोंगे आणि भजीवाल्यांच्या गलक्यातूनसुद्धा तो स्टँडच्या पार पलीकडून पळत येणाऱ्या माणसाला बरोबर गाठायचा. "ओ पांढरं धोतर, पळू नका, गाडी थांबवलीय!" एवढं ती दारातून म्हणायची आणि बाजारातली सगळीच पांढरी धोतरं सावकाश चालायला लागायची. ड्रायव्हर युसूफभाई म्हणायचे, "मावशी रहे तो मेरेकू हॉर्न की जरूरतच नहीं." असा आवाज असलेली ही बाई स्वतःचं काही दुखलं-खुपलं की मात्र मुकी व्हायची. बोट दारात चेंगरलं तर ती ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरायची आणि म्हणायची, "बसा, बसा, मागं जागा हाय."

ती माझ्या आईची धाकटी बहीण. एस.टी.त कंडक्टर, शहर ते पाचोड हा तिचा नेहमीचा रस्ता. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, तेव्हापासून ती शहरात आमच्याकडेच राहिली. आई, ती आणि मी, असं तीन बायकांचं घर. सगळा रस्ता तिला मावशी म्हणायचा, म्हणून शेजारचे आजोबाही म्हणायचे. फक्त आई तिला 'बबे' म्हणून हाक मारायची आणि ती आईला 'अक्का'.

आमच्या आजोळी बाईची किंमत एका गोष्टीवर ठरत असे, बाळंतपणात तिचा आवाज शेजारच्या घरी गेला की नाही. कळा सुरू झाल्या की आजी पदराचा बोळा करून लेकीसुनांच्या दातांत द्यायची. जी ओरडली तिला पुढे जन्मभर ऐकावं लागायचं, "हिनं तर बाई सारी आळी गोळा केली हुती." माझ्या वेळी आईच्या तोंडून एकदा 'आई गं' निघालं, ते आजीने मरेपर्यंत विसरू दिलं नाही. मावशी मात्र या शाळेत पहिली आली. तिच्या बाळंतपणाचं शेजारणीला सकाळी कळलं. हाक न गेल्याने सुईण उशिरा पोचली होती आणि तोवर मूल गेलं होतं. मूल गेलं, पण कौतुक राहिलं. मी लहानपणापासून ते कौतुक ऐकत आले आणि प्रत्येक वेळी माझ्या अंगावर काटा आला. मावशी ते ऐकताना तांदूळ निवडत बसायची, मान वर करायची नाही.

गाडीत ती कधी बसली नाही. कंडक्टरची हक्काची सीट ती एखाद्या लेकुरवाळीला देऊन टाकायची आणि तिकिटाचं मशीन पोटाशी धरून, खांबाला पाठ लावून उभी राहायची. "बसलेला कंडक्टर म्हंजी गाडीतलं गाठोडं," ती म्हणायची. "मान्सं तुडवून पुढं जातेत." या उभं राहण्याची किंमत तिच्या पायांनी दिली. संध्याकाळी घरी आली की ती जमिनीवर आडवी होऊन पाय भिंतीला उभे लावायची. साडी घसरली की दिसायचं, घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत जांभळ्या-निळ्या बारीक शिरांचं जाळं, कोळ्याने विणल्यासारखं. एकदा कॉलेजच्या एका मुलीने पायरीवर ते पाहिलं आणि विचारलं, "मावशी, टॅटू काढलाय का?" मावशी म्हणाली, "व्हय. फुकटात निघतो. निस्तं वीसेक वर्सं उभं ऱ्हायाचं."

त्या शिरा नुसत्या दिसायच्या नाहीत, संध्याकाळी पेटायच्या. हे तिने सांगितलं नाही. मीच एकदा फरशीवर ओली पावलं पाहिली. ती गार पाण्याची बादली घेऊन न्हाणीत पाय बुडवून बसायची, दार लावून. शेवटी डॉक्टरांकडे जायला ती तयार झाली ती एकाच कारणाने. आणखी थोडी वर्षं नोकरी उरली होती आणि ती तिला उभ्याने करायची होती. "बसून पेन्शन घ्यायला लागलं तर बरंय. बसून पगार घ्यायचा नाय," असं ती म्हणाली. तिच्या लेखी सगळं काही त्या दोन पायांवर उभं राहण्यात होतं.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, हसऱ्या होत्या आणि घाई करणाऱ्या नव्हत्या. आधी त्यांनी मावशीची साखर तपासली, ती जास्त निघाली, तर गोळ्या देऊन ती खाली येईपर्यंत सुईला हातच लावला नाही. मग समोर बसवून सगळं समजावलं. या जाळ्याच्या शिरांमध्ये, म्हणजे स्पायडर व्हेन्समध्ये, अगदी केसासारख्या सुईने औषध सोडायचं, शीर आतून मिटते आणि हळूहळू जाळं पुसट होतं. आधी बधिर करणारं मलम लावू, वरून बर्फ धरू. तरी टोचेल, थोडं झोंबेल, कधी पेटका येईल, तो क्षणभराने जाईल. "पण मावशी," त्या म्हणाल्या, "खूप जळायला लागलं, जळत पसरायला लागलं, तर लगेच सांगायचं. औषध शिरेबाहेर गेलं तर तसं होतं. मला वरून नेहमी कळत नाही, तुम्ही सांगितलं तर कळतं. खुशाल ओरडा. इथे सहन केल्याबद्दल बक्षीस नाही." मावशीने समजूतदारपणे मान हलवली. मी त्या मानेकडे पाहिलं. आजीच्या समोरही ती अशीच मान हलवायची.

पहिल्या दिवशी मॅडमनी तिच्या हातात दाबायला एक मऊ रबरी चेंडू दिला. तिने तो परत केला, "कुनाच्या लेकराला द्या." मी तिचा हात धरला, तर तो नुसता हात होता, तिने माझा हात एकदाही आवळला नाही. सुया जात होत्या, डोळे मिटलेले, ओठ मात्र हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाली, "देवाला कशाला तरास? मी गाडी काढली हुती." म्हणजे तिने टेबलावर पडल्या पडल्या मनातल्या मनात पाचोडची गाडी सोडली होती. झाल्टा फाट्याला कोंबडी घेतलेली म्हातारी चढवली. कोंबडीचं तिकीट मागितलं म्हणून म्हातारी भांडली. चित्ते पिंपळगावला दोन पोरं उतरवली. प्रत्येक टोचणीला एक माणूस चढवायचं किंवा उतरवायचं, मग टोचणी कुठे गेली ते कळत नाही, असा तिचा हिशेब. "आन् आडूळ आलं की सुई संपते," ती म्हणाली. मॅडमनाही हे इतकं आवडलं की पुढच्या वेळी त्यांनीच विचारलं, "काय मावशी, गाडीला किती गर्दी?"

टोचून झालं की घट्ट मोजे चढवायचे आणि अर्धा तास चालायचं, बसायचं नाही, असा नियम होता. हा नियम मावशीसाठीच केलेला असावा. त्या मोज्यांना ती 'पायाचं स्वेटर' म्हणायची. दवाखान्यातून निघून आम्ही शहागंजात चालायला जायचो, गर्दीतून, हातगाड्यांच्या मधून. तिथले फेरीवाले तिला ओळखायचे, कारण त्यांच्यातले निम्मे तिच्या गाडीचे. "मावशी, पैदल?" कुणीतरी ओरडायचं. "गाडी ग्यारेजला लावलीय," ती स्वेटर घातलेला पाय थोडा पुढे करून सांगायची. मी त्या दिवसांत आनंदी होते, हे लिहून ठेवते. वाटलं होतं, ही बाई दुखण्याशी खेळायला शिकली.

तिसऱ्या वेळी घोट्याची पाळी होती. तिथली कातडी पातळ, शिरा अगदी वर. मी पायापाशी उभी होते. एका सुईला तिच्या पायाची बोटं आकड्यासारखी वळली आणि तशीच राहिली. मॅडमनी पाहिलं, हात थांबवला. "मावशी, जळतंय का जास्त?" मावशी म्हणाली, "नाय." "पसरतंय का? खरं सांगा." "नाय हो मॅडम. पेटका हाय. चालू द्या तुमचं." आवाज अगदी शांत, तिकीट विचारतानाचा. मॅडमनी आणखी एकदा विचारलं, आणखी एकदा 'नाय' आलं. जिना उतरताना मावशी हसली आणि म्हणाली, "आज गाडी आडूळलाच काय, पाचोडलाबी थांबली नाय गं. पार गेवराईला नेली." मी तिथेच थांबले. "म्हणजे लई दुखलं? चल वर, सांगू त्यांना." ती पुढच्या पायरीवर पोचली होती. "काय सांगू? गाडी लांब गेली म्हनून? पेशंटचा टाइम हाय त्यांचा." दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून विचारपूस करायला फोन आला, तो तिनेच उचलला. मी आत भाजी चिरत होते. मला ऐकू आलं, "एकदम झकास मॅडम. कायबी नाय."

त्यानंतर ती रोज ड्युटीवर जात राहिली. माझी शेंद्र्याच्या कंपनीतली शिफ्ट तेव्हा सकाळची होती, मी उजाडायच्या आत बाहेर पडायचे, ती रात्री आली की मोजे घालूनच आडवी व्हायची. "मॅडमनी काढू नको म्हनलंय," असं सांगायची. एका दुपारी मला कंपनीत फोन आला. युसूफभाई होते. इतकी वर्षं त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. "बेटा, मावशी आज बैठ गए," ते म्हणाले. मला आधी कळलंच नाही. "आडूळ से पाचोड तलक बैठेच रहे. एक बाई खडी थी बच्चे को लेके, तो भी नहीं उठे. मेरेकू डर लग रहा." मी तशीच शिफ्ट सोडून निघाले.

घरी तिला पलंगावर बसवून मी मोजा उतरवला. आधी वास आला. घोट्याच्या वर हळदीचा, तेलाचा थर, त्याखाली काळं पडलेलं मांस आणि भोवती गुडघ्याकडे चढत गेलेली लाली. अंगात ताप होता. मी आईकडे पाहिलं, तर आई दाराला धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. मग मला समजलं. मी शिफ्टला गेले की मावशी मोज्यांचा दुसरा जोड चढवून ड्युटीवर जायची आणि आई रोज तो उतरवलेला मोजा धुवायची. मागच्या अंगणात, चादरीच्या आड वाळत घालायची. "बबीनं शपथ घातली हुती," आई म्हणाली. "आन् तिला येवढं दुखत नव्हतं. कण्हली का ती एकदा तरी?" दोघी एकाच शाळेतल्या. मला त्या दोघींचा इतका राग आला की मला रडूसुद्धा आलं नाही. अजून येतो तो राग. मावशीचं व्यक्तिचित्र लिहायला बसले तरी येतो.

डॉक्टर मॅडमनी जखम पाहिली. मग खुर्ची ओढून मावशीच्या समोर बसल्या. "मावशी, त्या दिवशी तुम्ही नुसतं 'आई गं' म्हणाला असता ना, तरी मी सुई तिथंच काढली असती. त्यावर उपाय असतो. निदान दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं असतं..." मावशी खाली मान घालून शाळेतल्या पोरीसारखी पुटपुटली, "इतक्या मान्सांत कसं म्हनावं?" सुईच्या त्या दिवशी खोलीत मॅडम, मी आणि ती, एवढ्याच होतो. साखर पुन्हा चढली होती. गोळ्या आठवल्या तर खायची, ड्युटीवर राहून जायच्या. मॅडमनी स्वतः फोन करून तिला मोठ्या दवाखान्यात पाठवलं, स्वतः सोबत आल्या.

तिथले दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. रोज जखम उघडायची, खरवडायची, पुन्हा बांधायची. रोज लाली थोडी वर सरकलेली. पायाबद्दल डॉक्टर आता आमच्याशी हळू आवाजात बोलायचे, आणि पाय राहिला तर नशीब, जीव वाचवायचा बघू, असं एके दिवशी एकजण म्हणाले. मी देवाला काय काय कबूल केलं, ते आता आठवून लाज वाटत नाही. मला एवढंच हवं होतं की तिने कुठे दुखतंय, किती दुखतंय ते सांगावं, म्हणजे जे आत चाललंय ते बाहेर तरी कळेल. वॉर्डातली सिस्टर रोज विचारायची, "आजी, शून्य ते दहा, किती दुखतं?" मावशी म्हणायची, "एक." ड्रेसिंगच्या वेळी चादर घामाने चिंब व्हायची आणि ती म्हणायची, "एक. लई तर दीड."

मी हात जोडले. भांडले. "मावशी, एकाला गोळी मिळते, नवाला इंजेक्शन मिळतं. एवढं तरी समजून घे." ती माझ्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "मंग तूच सांग की नऊ. तू शिकलेली हायस." मी सांगितलं. सिस्टर इंजेक्शन भरायला गेली, पण जाताना खात्री करायला वळली आणि मावशीकडे पाहिलं. मावशी तिच्याकडे बघून हसली. गाडीत सुट्टे नसलेल्या पोराकडे बघून हसायची तसं, ऱ्हाऊ दे म्हणणारं. सिस्टरने मला हळूच सांगितलं, "ताई, तुम्ही घाबरलात. पेशंट बरा आहे." मी कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीवर मूठ आपटली. हात सुजला. संध्याकाळी तो मावशीला दिसला आणि ती कळवळून म्हणाली, "आई गं! कसं लागलं पोरी?" माझ्या हातासाठी तिच्या तोंडून 'आई गं' निघालं. मी तिच्या उशाशी बसून हसले आणि हसता हसता माझं काय झालं ते मला कळलं नाही.

शेवटचा दिवस पाचोडच्या बाजाराचा होता. दुपारी भेटायची वेळ, वॉर्ड माणसांनी भरलेला. डबे, पिशव्या, लेकरं. पाचोडहून तिच्या गाडीचे दोघं-तिघं आले होते आणि आत सोडत नाहीत म्हणून दाराशी उभे होते. मावशीचा ताप सकाळपासून उतरत नव्हता. ती कुणाला ओळखत नव्हती, डोळे छताला लागलेले. आणि अचानक ती ओरडली, "आई गं!" तो आवाज मी ओळखत होते. तोच आवाज, बाजारात पलीकडच्या माणसाला गाठणारा. सारा वॉर्ड गप्प झाला. एका लेकराने रडायचं थांबवलं. ती पुन्हा ओरडली, आणि पुन्हा, आयुष्यभराचं साचलेलं जणू आता एकदम वाट फुटून निघालं होतं.

आई तिच्या उशाशी होती. आईने चटकन वाकून आपला तळहात तिच्या तोंडावर ठेवला. घट्ट. विचार करून ठेवला नाही, हात आपोआप गेला. "बबे, गप. गप बाई. मान्सं बघतेत," ती कुजबुजली. त्या हाताखाली मावशी गुदमरत होती. मी आईचं मनगट धरलं. "आई, हात काढ."

"अगं, मान्सं..."

"बघू देत. हात काढ आई. ओरडू दे तिला."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मनगट ओढलं नाही, नुसतं धरून ठेवलं. तिने आपला हात आपणच काढला. बहिणीच्या ओल्या ओठांवरून काढला आणि तिच्या कपाळावर ठेवला. मग तिने तोंड तिच्या कानाशी नेलं. आजीसमोर जे कधी कुणी म्हटलं नसेल ते ती म्हणाली. "वरड, बबे. मी हाय हितं. किती दुखतंय तुला... वरड."

मावशी ओरडली. सिस्टर धावत आली. या वेळी तिने आकडा विचारला नाही, मोठं इंजेक्शन दिलं. डॉक्टर आले, पडदा ओढला गेला. दाराशी उभ्या असलेल्या पाचोडच्या माणसांनी टोप्या काढून हातात घेतल्या होत्या. हळूहळू ती शांत झाली. संध्याकाळपर्यंत नुसता श्वास चालत होता, आई तिचा हात धरून बसून होती आणि मधूनमधून विचारत होती, "दुखतंय का गं?" उत्तर येणार नाही हे माहीत असून विचारत होती.

उजाडता उजाडता मावशी गेली. आईने मोठ्याने हंबरडा फोडला, वॉर्डात, सगळ्यांसमोर. माझ्या जन्मात मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. रात्रीच आलेली आमची एक नातेवाईक बाई लगबगीने पुढे आली, पदर सावरत, आईला आवरायला. "बाई, सबुरीनं घ्या, दवाखाना हाय हा," ती म्हणाली. मी त्या दोघींच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि तिला तिथून पुढे येऊ दिलं नाही. आई रडली, तिला हवं तितका वेळ, हव्या तेवढ्या आवाजात.